मातृवृक्षातला शार्का

१७ मे, शनिवार

नवरा, वुकाशिन, ट्रक घेऊन ऑस्ट्रियाला गेला की मी लिहायला घेते आणि तो परत आला की विसरते. या खेपेला तो शरद ऋतूपर्यंत येणार नाही, तेव्हा ही वही बहुधा भरेल.

आठवडाभर शेजारच्या पाच गावांत हिंडले. सगळीकडे तीन-चार वर्षांच्या आलुबुखाराच्या नव्या बागा आणि सगळीकडे तेच, पानांवर फिकट कडी. शार्का. आमच्या भागात हा रोग आजोबांच्या काळापासून आहे, त्याचं नवल नाही. नवल हे की इतक्या कोवळ्या झाडांवर तो एकाच वेळी कसा दिसतोय? मावा एका झाडावरून दुसऱ्यावर विषाणू नेतो, पण डोंगर ओलांडून नेत नाही.

पानांची पेटी घेऊन घरी आले. बाबा ओट्यावर बसून खुंटरोपांच्या पेंढ्या बांधत होते. सासरे असले तरी मी त्यांना बाबाच म्हणते. सासूबाई, म्हणजे स्तामेन्का आई, गेल्यापासून ते घरात कमी आणि रोपवाटिकेत जास्त असतात.

"काय आणलंस सूनबाई? चीज?"

"पानं आहेत. रोगट."

"मग माझ्या रोपांपासून लांब ठेव. वरच्या झाडाला नजर लागायची."

वरचं झाड म्हणजे झऱ्याजवळचा मातृवृक्ष. खोऱ्यातली जुन्या जातीची झाडं शार्काने एकेक करून गेली. फळं पिकायच्या आधीच गळायची, आत लाल आणि बेचव. हे एक झाड टिकलं. बाबा त्याच्याच काड्या घेऊन डोळे भरतात, म्हणजे खुंटरोपांवर कलमं करतात, आणि ती रोपं सगळं खोरं नेतं. रादिसावच्या, म्हणजे बाबांच्या, झाडाला शार्का शिवत नाही, असं लोक म्हणतात.

पेटी मी तळघरात ठेवली. खाली आईच्या आठवणीच्या जेवणासाठी भरून ठेवलेली राकियाची, आलुबुखाराच्या दारूची, तीन पिंपं आहेत. त्यांच्या शेजारी ती पेटी बरी दिसत नव्हती.

२९ मे

फळसंशोधन केंद्रात, जिथे मी आठवडाभर राहून काम करते, चाचणीच्या तबकडीतले जवळजवळ सगळे खळगे पिवळे झाले. शार्का आहे, यात शंका नाही.

पण कुठला? आमच्याकडे या विषाणूची दोन घराणी आहेत. डी सावकाश चालतो, एम भराभर पसरतो आणि पीचवर जास्त खूश असतो. कवच ओळखणारी चाचणी म्हणते, एम. मी विषाणूच्या जनुकीय धाग्याच्या आतल्या भागाचा तुकडा वाढवून बघितला, तर तो म्हणतो, डी. पाचही गावांत असंच.

आमच्या प्रमुख कोसाराबाईंनी जेलवरच्या पट्ट्यांचा फोटो लांब धरून बघितला. त्यांना चष्मा आहे, पण त्या तो लावत नाहीत.

"हातमोजे बदलले होतेस?"

"प्रत्येक नमुन्याला."

"मग एकाच झाडात दोघंही राहत असतील. भाडेकरू. पुन्हा कर."

५ जून

पुन्हा केलं. तेच आलं. एखाद्या झाडात दोन भाडेकरू असतील, मान्य. पण पाच गावांतल्या प्रत्येक झाडात, आणि तेही त्याच जोडीने?

या सगळ्यांनी रोपं कुठून आणली हे मी कुणाला विचारलेलं नाही. विचारायची गरजच नाही, आणि तेच मला नकोय.

१४ जून, शनिवार

आज चोरी केली. म्हणजे करायला गेले आणि पकडली गेले.

बाबा गवत कापायला गेलेत असं बघून झऱ्याकडे गेले. झाड भरलेलं होतं, हिरवी फळं, कुठे डाग नाही. दक्षिणेकडच्या खालच्या फांदीची पानं खुडत होते, तेवढ्यात पाठीमागून आवाज आला.

"हात पोचत नाही तर सांगायचं."

मी म्हटलं, तुलना करायला निरोगी पानं हवी होती.

"घे की. निरोगी पान कसं असतं ते दाखव तिकडच्या शहाण्यांना." त्यांनी कोयता खाली टाकला आणि फांदी दोन्ही हातांनी वाकवून माझ्यासमोर धरली. ऊन पलीकडून येत होतं. एका पानात, शिरेजवळ, अगदी पुसट कडं दिसलं. माहीत नसलेल्याला दिसलं नसतं. मी मान वळवून दुसरीकडे बघू लागले आणि पटापट पिशवी बांधली.

बाबांनी फांदी सोडली नाही लगेच. मग सोडली आणि कोयता उचलून गेले. त्यांच्या लक्षात आलं नसावं.

२० जून

मातृवृक्षाचा खळगा सगळ्यांत पिवळा.

कवच एम. आतला तुकडा डी.

२८ जून, शनिवार

वुकाशिनचा फोन आला. मागे गाड्यांचा आवाज.

"बाबांना सांगितलंस?"

"अजून काही सिद्ध झालेलं नाही."

"मग नकोच सांगू. आई गेल्यावर त्या झाडाशिवाय त्यांना आहे कोण? मी येतो, मग बघू."

म्हणजे तो येईपर्यंत मी एकटीने हे घेऊन बसायचं. आणि ऑगस्टमध्ये डोळे भरायचे दिवस आले की त्या झाडाच्या काड्या पुन्हा शेकडो रोपांत जाणार, शिवाय गावकरी येऊन स्वतःही नेणार. तो येईल तेव्हा हे सगळं झालेलं असेल. तसं मी फोनवर बोलले नाही.

संध्याकाळी जेवताना बाबांनी विचारलं, "त्या पेटीतली पानं कुठल्या कुठल्या गावची होती?"

मी पाच नावं सांगितली. सांगायला नको होती. त्यांनी मक्याच्या भाकरीचा तुकडा मोडला, साय लावली, आणि तो तसाच ताटात ठेवला.

"बरं, एखाद्याने झाड उपटलं, तर मागे राहिलेल्या मुळातून जे फुटवे येतात, त्यांतही हे तुझं लचांड असतं?"

"असतं. मुळासकट काढावं लागतं."

"मुळासकट," ते म्हणाले. "तुम्हा लोकांना सगळं सोपं वाटतं."

टोमणाच होता. माझ्या कामाबद्दल त्यांना कधी फार आदर नव्हता, पण आजपर्यंत त्यात विनोद असायचा.

९ जुलै

जमलं. दोन्ही भागांना ओलांडून जाणारा एकच लांब तुकडा वाढवला, म्हणजे दोन भाडेकरूंचा प्रश्नच उरत नाही. एकच धागा आहे. पुढचा सगळा भाग डीचा, शेपटाकडचा एमचा, आणि जोड प्रत्येक नमुन्यात त्याच जागी. विषाणू स्वतःची नक्कल करताना मध्येच एका धाग्यावरून दुसऱ्यावर घसरला आहे, आणि घसरून जे झालं ते दोन्ही आईबापांपेक्षा तरबेज निघालं. आलुबुखारात फारशी लक्षणं न दाखवता राहतं आणि माव्याबरोबर बिनबोभाट पसरतं.

दहा मिनिटं मी इतकी आनंदात होते की कॉफी करपली. मग आठवलं की हे मी कुणाच्या झाडाबद्दल बोलतेय.

कोसाराबाईंनी दार लावून घेतलं. "धागे बाहेरदेशी पाठव, अक्षरन् अक्षर वाचून येऊ दे. तोवर हे या खोलीबाहेर जाता कामा नये. घरीही नाही."

"घरीच तर आहे ते," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा लावला आणि माझ्याकडे बघितलं.

१९ जुलै, शनिवार

घरी आले तर घर रिकामं. ट्रॅक्टर नाही. शेजारची मिलुंका कुंपणावर हात ठेवून उभीच होती. तिला बातमी सांगायला माणूस हवा असतो.

"रोजचंच आहे गं. पहाटे रिकामी ट्रॉली घेऊन जातो आणि उन्हं कलली की ताडपत्री झाकलेली भरलेली ट्रॉली घेऊन येतो. मी विचारलं, रादिसाव, लग्न ठरलं की काय, हुंडा आणतोयस? तर म्हणतो, हो, तुझ्यासाठीच. या वयात असं बोलतात का?"

"सरपण आणत असतील," मी म्हटलं.

"जुलैत?"

तळघरात गेले. आईसाठीच्या पिंपांपैकी एक रिकामं होतं आणि दुसरं अर्ध्याच्या खाली. मी तिथेच पायरीवर बसले. वुकाशिनला काय सांगू? बाबा पितात, आणि तेही हे?

ते आले तेव्हा अंगाला राकियाचा वास होता, आणि धुराचा. तळहातावर फोड आलेले. मी मलम दिलं. त्यांनी ते लावून घेतलं आणि डबी परत ठेवली.

"दमलात तुम्ही बाबा."

"जगाच्या दारी जायचं म्हणजे दमायला होतंच."

२ ऑगस्ट, शनिवार

रोपवाटिकेच्या मागच्या बाजूच्या रांगा नाहीत. नुसती नांगरलेली माती. पुढच्या रांगा जागच्या जागी, म्हणजे रस्त्यावरून बघणाऱ्याला काही कळू नये.

पानं असताना रोप उपटून विकणारा माळी बाबा नव्हेत, ते जगणारच नाही. पण घाबरलेला माणूस काय करेल सांगता येत नाही. माझ्याकडून गावांची नावं कळली, बंदी येणार हे ओळखलं, आणि बंदीच्या आत हाताला लागेल ते विकून टाकतायत. दुसरं काय असू शकतं? आणि भरून येणारी ट्रॉली? बदल्यात काहीतरी घेत असतील. धान्य, सरपण.

मी सरळ विचारलं. "मागच्या रांगा कुठे गेल्या?"

"गेल्या."

"कुणाकडे?"

"जायच्या तिथे गेल्या." ते कुऱ्हाडीला धार लावत होते. "आज तू केंद्राची म्हणून विचारतेयस का सून म्हणून?"

मी पाण्याची बादली त्यांच्या दगडाजवळ सरकवली.

"ठरलं की सांग," ते म्हणाले आणि पुन्हा दगडावर पाणी शिंपडलं.

७ ऑगस्ट

अक्षरं आली. पाच गावांचे धागे जवळजवळ हुबेहूब, हजारो अक्षरांत इकडेतिकडे एखादा फरक. म्हणजे हे कुटुंब तरुण आहे, एकाच पूर्वजाचं. मातृवृक्षाच्या त्या एका फांदीतले धागे मात्र आपापसांतच जास्त वेगळे. ज्या घरात भावंडांचे चेहरे वेगवेगळे, ते घर जुनं. विषाणू त्या झाडात खूप वर्षं राहून बदलत आलाय, आणि त्यातला एक चेहरा बाहेर पडून खोऱ्यात पसरला.

कोसाराबाई म्हणाल्या, "जन्मस्थान सापडलंय असं म्हणायला एक फांदी पुरत नाही. सगळ्या बाजूंचे नमुने हवेत, झाड तोडलं जायच्या आत."

"आणि तोडायचं?"

"कायदा तुला माहितीये. निरीक्षकांना कळवणं भाग आहे. तू घरातली आहेस, सही मी करते."

१४ ऑगस्ट

सही मीच केली.

खूप विचार केला. कोसाराबाईंनी केली असती तर मी आयुष्यभर बाबांना म्हणू शकले असते की माझा हात नव्हता. आणि ते खोटं ठरलं असतं. शिवाय रांगा गायब झाल्याचंही मी लिहिलं. लिहिलं नसतं तर ती रोपं कुठे गेली हे कुणी शोधलं नसतं. मी बरोबर केलंय.

तीनदा वाचलं मघाचं वाक्य. तरी बरोबरच वाटतंय.

१९ ऑगस्ट, मंगळवार

आज जे झालं ते क्रमानेच लिहिते, नाहीतर जमणार नाही.

निरीक्षक इलिंचिच आणि मी केंद्राच्या गाडीतून आलो. माणूस वाईट नाही. वाटभर बायकोच्या गुडघ्यांबद्दल बोलत होता. बाबा फाटकात उभे होते, स्वच्छ सदरा घालून. त्यांनी आधी साखरेत मुरवलेल्या चेऱ्या आणि पाणी पुढे केलं. इलिंचिचने घेतलं. मी चमचा घेतला आणि तसाच परत ठेवला.

मग आम्ही रोपवाटिकेत गेलो. एकही रोप नव्हतं. पुढच्या रांगाही नव्हत्या. सगळी जमीन नांगरलेली, आणि कडेला राखेचा मोठा काळा ढीग.

"कुठे विकलीत?" इलिंचिचने विचारलं.

"विकली नाहीत. जाळली."

"कुणासमोर?"

"देवासमोर. दुसरं कुणी इतक्या पहाटे उठत नाही."

"आजोबा, साक्षीदाराशिवाय जाळली म्हणजे माझ्या कागदावर ती विकलीच." त्याने फाइल उघडली. "इथे लिहिलंय, रोपं बंदीपूर्वी घाईघाईने हलवली जात असल्याचा संशय. आणि ट्रॉली?"

मी काही बोलायच्या आत कुंपणापलीकडून मिलुंका म्हणाली, "अहो साहेब, मी रोज बघतेय. जाताना रिकामी जायची आणि येताना भरून यायची. विकणारा माणूस भरून आणतो होय? परवा ताडपत्री उडाली तर आत झाडं होती, मुळासकट उपटलेली. तीन-चार वर्षांची असतील."

मला सगळं एकदम समजलं. आणि हेही समजलं, की ती हे मला जुलैतच सांगत होती.

इलिंचिचने बाबांकडे बघितलं. बाबा बुटाच्या टोकाने माती सारखी करत होते.

"पाच गावं होती," ते म्हणाले. "म्हणजे पाच तिच्या पेटीत होती. माझी रोपं आठ गावांत गेलीयेत. ज्याच्या त्याच्या दारी गेलो. म्हटलं, मी दिलेला माल खराब निघालाय, परत घेतो. काहींनी कुत्री सोडली. काहींनी दिलं, पण रिकाम्या हाताने कसं मागायचं? म्हणून राकिया नेली. स्तामेन्काची होती. ती असती तर तिनेही हेच केलं असतं, वर चार शिव्या दिल्या असत्या."

"सगळी मिळाली?"

"नाही. दोन बागा देत नाहीत. म्हणतात, झाड ठणठणीत दिसतंय, तू म्हातारा झालायस." त्यांनी बुटाची माती झटकली. "मीही तीस वर्षं हेच म्हणत होतो की."

मी विचारलं, "बाबा, मला का नाही सांगितलंत?"

"तू सांगितलंस?"

इलिंचिच उगाच फाइलमध्ये बघत राहिला.

"त्या दिवशी मी फांदी धरली," बाबा म्हणाले, "तू पान बघितलंस आणि मान वळवलीस. तेव्हाच कळलं. तू गेल्यावर मी उन्हात धरून बघितलं, होतं कडं. मग वाटलं, ही बोलत नाहीये म्हणजे हिला बोलायची मनाई असेल. मी कशाला तुला अडकवू? माझं मी निस्तरतो."

आणि मग आम्ही झऱ्याकडे गेलो, आणि झाड उभं होतं. फळांनी वाकलेलं, निळं. इलिंचिच थबकला. इतका वेळ त्याचा चेहरा मऊ झाला होता, तो पुन्हा घट्ट झाला.

"रोप न् रोप जाळलंत आणि मूळ कारण उभं ठेवलंत? हे मला लिहावं लागेल आजोबा. बाधित मातृवृक्ष जाणूनबुजून राखला. परवाना जाईल."

"जाऊ दे," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तू तेव्हा दक्षिणेकडचीच पानं नेली होतीस. एकाच बाजूची. म्हटलं, हिला बाकीच्या बाजूंचीही लागतील, परत येईल. म्हणून नाही तोडलं. तू यायला फार दिवस लावलेस."

मी दर शनिवारी येत होते. येत होते आणि त्यांच्या तोंडाकडे बघत नव्हते.

इलिंचिचने संध्याकाळपर्यंत मुदत दिली. कायद्यात तेवढी जागा आहे म्हणाला. नसावी.

बाबा शिडी लावून वर चढले आणि मी खालून पिशव्या दिल्या. ते करवतीने फांदी कापायचे, कुठली ते सांगायचे, मी लिहायचे. उत्तरेची वरची. उत्तरेची खालची. "ही माझी नाही, ही मेव्हण्याकडच्या काडीची. आमच्या लग्नाच्या वर्षी कलम करून बांधली. त्याच्या बागेत पीचही होते." पूर्वेची. पश्चिमेची, वादळात फाटलेली. फळं धबाधब खाली पडत होती आणि आमच्यापैकी कुणी एकही उचललं नाही. शेवटी नुसतं खोड राहिलं. मग त्यांनी कुऱ्हाड इलिंचिचच्या हातात दिली.

"तुम्ही घाला पहिला घाव साहेब. माझा हात बसणार नाही सरळ."

त्याने घातला. बाकीचे बाबांनीच घातले.

परत निघताना इलिंचिचने पंचनाम्यावर बाबांची सही घेतली. त्यासोबत माझं तक्रारपत्रही होतं. बाबांनी ते सावकाश वाचलं, खालपर्यंत.

"पूर्ण नाव लिहिलंयस," ते म्हणाले. "आमच्या आडनावासकट. बरं केलंस. अर्धवट सह्या मला आवडत नाहीत."

हे माफ केलं असं होतं की नाही, मला अजून कळत नाहीये.

२३ ऑगस्ट

वुकाशिनला सगळं सांगितलं. पलीकडे त्याने इंजिन बंद केलं. मग म्हणाला, "तू तक्रार केलीस." मी म्हटलं, हो. तो म्हणाला, "आणि ते जेवतायत?" मी म्हटलं, जेवतायत. "मग मी आल्यावर बोलू." फोन ठेवला.

घरी गेले, तर बाबांशी बोलायला विषय नाही. आधी प्रत्येक वाक्यात ते झाड असायचं.

२७ सप्टेंबर, शनिवार

फांद्यांचे निकाल आले आहेत. पश्चिमेच्या फांदीत निव्वळ डी, बाकी काही नाही. मेव्हण्याच्या फांदीत निव्वळ एम. आणि दक्षिणेला, जिथे दोघांचा रस एकमेकांना भेटतो, तिथे जोडलेला, तोही निरनिराळ्या थोड्याथोड्या फरकांनी. कोसाराबाईंनी तक्त्यावरून दोनदा बोट फिरवलं. असं एकाच झाडात आईबाप आणि लेकरू सापडणं, म्हणाल्या, आम्हाला परत मिळायचं नाही.

बाबांना सांगायला भीत होते. तरी सांगितलं, कागदावर झाड काढून.

"म्हणजे माझा निरुपद्रवी होता," ते म्हणाले, "मेव्हण्याचा आगाऊ होता, आणि मी दोघांना एका घरात नांदायला लावलं."

"तुम्हाला कसं कळणार होतं?"

"कळणार नव्हतंच." त्यांनी कागद उलटा करून बघितला, जणू मागेही काही असेल. "बांधली होती तेव्हा स्तामेन्का फांदी धरून उभी होती. तिचा हात दोरीत अडकला होता. हसत होतो आम्ही."

दोनपैकी एका बागेचा मालक काल स्वतःहून झाडं उपटून देऊन गेला म्हणे. दुसरा ऐकत नाही. त्याच्या बागेत मावा उडतोच आहे.

१८ ऑक्टोबर, शनिवार

बाबा आज केंद्रात आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बसने, हातात सायीचं भांडं, कोसाराबाईंसाठी. बाईंनी चक्क चष्मा लावून बाबांचं स्वागत केलं.

मी त्यांना काचघरात नेलं. मावा आत येऊ नये म्हणून दोन दारं आहेत, मध्ये थांबावं लागतं. आत पीचची लहान रोपं. त्यांत आम्ही विषाणू जिवंत ठेवतो, तुलनेसाठी, पुढच्यांसाठी. त्यांच्या झाडातून काढलेला एका रोपात होता. पानं वळलेली, कडी ठसठशीत. पीच काही लपवू शकत नाही.

बाबा वाकून बघत राहिले. "झाड गेलं आणि हा आहे."

"हो."

"याला पाणी कोण घालतं?"

"मीच."

त्यांनी मान हलवली. मग शेजारच्या कुंड्यांवरच्या चिठ्ठ्या वाचू लागले. प्रत्येकीवर कुठल्या ना कुठल्या गावाचं नाव.

"हे काय?"

"विषाणू जिथे सापडला त्या जागेचं नाव द्यायची पद्धत आहे. आमचा शोधनिबंध छापून येईल, तेव्हा याचंही नाव द्यावं लागेल. आपल्या गावावरून गोर्न्या रेका असं ठरतंय."

"कोण वाचतं तो निबंध?"

"सगळीकडचे लोक. रोपं घेणारे, फळं घेणारेही."

"मग गावाचं नाव घालायचं नाही." आवाज चढला नव्हता, पण कोसाराबाई दारातच थांबल्या. "मिलुंकाने काय केलंय? तिच्या झाडांना काही नाही. उद्या कुणी गोर्न्या रेकाचा आलुबुखार म्हटलं की नाक मुरडायचं? नाही. माझं घाल."

"बाबा, ते कायमचं राहतं. बदलता येत नाही. पुढे पन्नास वर्षं कुणीही या रोगाबद्दल लिहिलं की—"

"कळतंय मला. झाड माझं होतं, गाठ मी बांधली, रोपं मी दिली. गावाने नुसती घेतली." ते पुन्हा रोपाकडे वळले. "तुम्हा दोघांकडे मी कधी मागणं केलं नाही. एवढी वर्षं झाली, नातू नाही म्हणून एक शब्द काढला?"

"नाही काढलात."

"मग. नाव पुढे चालवणारं काहीतरी निघालं घरात. घाल."

मी कोसाराबाईंकडे बघितलं. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला आणि मान हलवली, हो म्हणून.

चिठ्ठी मीच लिहिली. पेन नीट चालेना, दोनदा गिरवावं लागलं. रादिसाव. बाबांनी ती माझ्या हातातून घेतली, अक्षरं बरोबर आहेत का ते बघितलं, आणि स्वतःच कुंडीत खोचली, देठाला लागणार नाही अशी, जरा बाजूला.

मग म्हणाले, "चल, बस चुकेल."